वर्डमध्ये आकृत्यांचे क्रमांक बिघडलेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रबंध, प्रकल्प अहवाल, पाठ्यपुस्तकाचं हस्तलिखित अशा फायली मांडणीसाठी माझ्याकडे येतात. त्यांत सगळ्यात जास्त वेळ खातात ते चित्रांखालचे क्रमांक. लेखकाने वर्षानुवर्षं खपून मजकूर लिहिलेला असतो आणि सादर करायच्या आदल्या दिवशी ‘आकृती ७’ दोनदा सापडते. हा त्रास टाळता येतो, आणि झालाच तर निस्तरताही येतो. खालची उत्तरं मायक्रोसॉफ्ट वर्डच्या विंडोजवरच्या अलीकडच्या आवृत्त्या धरून दिली आहेत. मेनू पडद्यावर इंग्रजीत दिसतात, इथे ते देवनागरीत लिहिले आहेत.

मधेच एक चित्र हलवलं, पण क्रमांक बदलले नाहीत. असं का?

रेफरन्सेस टॅबमधल्या ‘इन्सर्ट कॅप्शन’ने नवीन कॅप्शन (चित्राखालची क्रमांकाची ओळ) घातलं की वर्ड पुढचे क्रमांक स्वतःहून बदलतं. पण चित्र हलवलं, पुसलं किंवा दुसरीकडून आणून चिकटवलं तर ते गप्प बसतं. सांगितल्याशिवाय क्रमांक पुन्हा मोजत नाही. कंट्रोल+ए दाबून सगळं निवडा आणि एफ९ दाबा. लॅपटॉपवर बहुतेक वेळा एफ९सोबत एफएन कळही दाबावी लागते, नाहीतर आवाज किंवा उजेड कमीजास्त होतो. वाटेत अनुक्रमणिकेबद्दल विचारणा झाली तर फक्त पानांचे नाही, ‘अपडेट एन्टायर टेबल’ निवडा.

एवढ्याने जागेवर आलं तर पुढचं वाचायची गरज नाही. नाही आलं तर क्रमांकाच्या आत काय आहे ते बघावं लागेल.

क्रमांकाच्या ‘आत’ म्हणजे?

ऑल्ट+एफ९ दाबा. नीट घातलेल्या कॅप्शनच्या जागी ‘आकृती’ हा शब्द तसाच राहील, पण पुढच्या अंकाऐवजी महिरपी कंसात एक ओळ दिसेल: एस, ई, क्यू ही तीन रोमन अक्षरं, मग लेबलचं (अंकाआधीच्या शब्दाचं) नाव, मग अंक कसा दाखवायचा त्याची सूचना. याला फील्ड म्हणतात. ‘या नावाच्या मालिकेतला पुढचा अंक इथे दाखव’ एवढाच त्याचा अर्थ. पुन्हा ऑल्ट+एफ९ दाबलं की अंक परत दिसतात.

ज्या कॅप्शनमध्ये कंस न दिसता नुसता अंकच दिसला, तो हाताने टाइप केलेला आहे. त्याला कितीही एफ९ द्या, हलणार नाही.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘फील्ड शेडिंग’ हे ‘ऑलवेज’ करून ठेवा. फील्डमागे करडी छटा दिसत राहते, छापताना ती येत नाही. खरा क्रमांक कुठला आणि टाइप केलेला कुठला, हे मग पान चाळताना नजरेलाच कळतं. फील्डचे महिरपी कंस कीबोर्डवरून टाइप करून चालत नाही, ते कंट्रोल+एफ९नेच येतात.

फील्ड आहे, एफ९ही दिलं, तरी क्रमांक जागचा हलत नाही.

तीन शक्यता तपासा. फील्डला कुलूप असेल: सगळं निवडून कंट्रोल+शिफ्ट+एफ११ दाबा, कुलूप निघतं. कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये असेल: कंट्रोल+ए मुख्य मजकूर निवडतं, टेक्स्ट बॉक्स, तळटीपा, हेडर-फूटर त्यात येत नाहीत. बॉक्सच्या आत क्लिक करून तिथे वेगळं कंट्रोल+ए आणि एफ९ द्यावं लागतं. आणि तिसरं, कोडमध्ये (महिरपी कंसातल्या ओळीत) बॅकस्लॅश, रोमन ‘आर’ आणि एक अंक असेल. त्या सूचनेचा अर्थ ‘इथून या अंकाने सुरुवात कर’. कुणीतरी एका कॅप्शनला जबरदस्तीने ‘१’ करायला ती घातलेली असते आणि मग तेच कॅप्शन कॉपी करून पुढे चिकटवलेलं असतं. म्हणून सगळ्या आकृत्या ‘१’ दिसतात. तेवढा तुकडा पुसा आणि एफ९ द्या.

पहिल्या पाच आकृत्या बरोबर, मग पुन्हा १, २, मग एकदम ६. काहीच मेळ लागत नाही.

मराठी फायलींत हा प्रश्न फार येतो, म्हणून सविस्तर सांगते.

वर्ड लेबलच्या नावावरून मालिका ओळखतं. नावात एका अक्षराचा फरक पडला की त्याच्या लेखी ती वेगळी मालिका, आणि तिची मोजणी १ पासून. आता एका प्रबंधात ‘आकृती’, ‘आकृति’, ‘आकृती क्र.’ आणि ‘चित्र’ अशी चार लेबलं सहज निघतात. दोन प्रकरणं स्वतः टाइप केलेली, एक टायपिस्टने केलेलं, एक जुन्या शोधनिबंधातून उचललेलं. वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जाणवतही नाही, पण तिथे चार स्वतंत्र मालिका चालू असतात. आकृत्यांच्या सूचीत त्यातली एकच येते आणि बाकीची चित्रं गायब झाल्यासारखी वाटतात.

दुरुस्ती अशी. आधी फाईलची प्रत करून ठेवा. ऑल्ट+एफ९ने कोड उघडे करा. कंट्रोल+एच दाबून ‘आकृति’च्या जागी ‘आकृती’ घाला. कोड उघडे असल्यामुळे बाहेर दिसणारा शब्द आणि कंसातलं नाव दोन्ही एका दमात बदलतात. लेबलच्या नावात मोकळी जागा असेल तर कोडमध्ये त्या जागी अधोरेषा असते, म्हणून ‘आकृती क्र.’साठी दोनदा बदल करावा लागतो: एकदा मोकळ्या जागेसह, एकदा अधोरेषेसह. नंतर कोड मिटा, कंट्रोल+ए, एफ९. मालिका सलग व्हायला हवी.

एवढं करूनही एखादं कॅप्शन वेगळं मोजलं जात असेल, तर नावात न दिसणारं जोडचिन्ह घुसलेलं असण्याची शक्यता असते. दुसरीकडून कॉपी केलेल्या मजकुरात असं होतं. शोधत बसू नका. शेजारच्या चांगल्या कॅप्शनमधलं फील्ड कॉपी करून तिथे चिकटवा.

सगळे क्रमांक हाताने टाइप केलेत. आता पुन्हा सगळं करायचं?

सगळं नाही. चित्रं थोडी असतील तर एक कॅप्शन नीट घाला, त्यातलं ‘आकृती’ आणि अंक एवढं कॉपी करा, प्रत्येक टाइप केलेल्या क्रमांकावर चिकटवत जा आणि शेवटी एफ९.

चित्रं खूप असतील तर आधी प्रत्येक कॅप्शनच्या परिच्छेदाला ‘कॅप्शन’ ही स्टाईल (होम टॅबमधला मांडणीचा तयार साचा) लावा. मग तेच ‘आकृती’ आणि फील्ड कॉपी करून कंट्रोल+एच उघडा. शोधायच्या रकान्यात ‘आकृती’, मोकळी जागा आणि कॅरेट-हॅश लिहा. कॅरेट म्हणजे ६च्या कळीवरचं टोकदार चिन्ह, आणि कॅरेट-हॅश म्हणजे कुठलाही एक अंक. बदलायच्या रकान्यात कॅरेट आणि रोमन लहान ‘सी’ लिहा, म्हणजे नुकतं कॉपी केलेलं जसंच्या तसं येतं. ‘मोअर’, ‘फॉरमॅट’, ‘स्टाईल’मधून शोध फक्त कॅप्शन स्टाईलपुरता ठेवा. हे विसरलात तर मजकुरातले ‘आकृती ४ पाहा’ हे उल्लेखसुद्धा नवी कॅप्शन होऊन मालिकेत शिरतील. दोन आकडी क्रमांक आधी बदला, त्यासाठी कॅरेट-हॅश दोनदा लिहायचं. एक आकडी नंतर. क्रम उलटा झाला तर ‘१२’मधला ‘२’ मागे उरतो. क्रमांक देवनागरी अंकांत टाइप केलेले असतील तर एकदोन ठिकाणी ‘फाइंड नेक्स्ट’ करून ते सापडतात का ते बघा, मगच ‘रिप्लेस ऑल’ करा.

आकृती ४नंतर थेट ६ येते. ५ कुठे गेली?

बहुतेक वेळा ती ट्रॅक चेंजेसमध्ये (केलेल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सोयीत) अडकलेली असते. गाईडने चित्र आणि कॅप्शन खोडलं, तुम्हाला ते दिसत नाही, पण तो बदल ‘ॲक्सेप्ट’ होईपर्यंत खोडलेलं कॅप्शनही मोजलं जातं. रिव्ह्यू टॅबमध्ये जाऊन बदल मान्य करा आणि पुन्हा एफ९ द्या. गाईड आणि विद्यार्थी यांच्यात फाईल चार वेळा फिरली असेल तर मी पहिला संशय इथेच घेते.

ते नसेल तर चित्र पुसून कॅप्शन मागे राहिलं असेल, किंवा ते एखाद्या चित्रामागे झाकलेल्या टेक्स्ट बॉक्समध्ये असेल. शोधायला माझी पद्धत अशी: फाईलच्या शेवटी तात्पुरती आकृत्यांची सूची घालायची. ‘इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स’मध्ये लेबल ‘आकृती’ निवडून एक सूची, आणि तिथल्याच ‘ऑप्शन्स’मधून लेबलऐवजी ‘कॅप्शन’ स्टाईल निवडून दुसरी. पहिलीत फील्ड असलेलीच कॅप्शन येतात, दुसरीत स्टाईल लावलेलं सगळं येतं. दोन्ही शेजारी ठेवल्या की हाताने टाइप केलेली, वेगळ्या लेबलची, मोकळी उरलेली कॅप्शन पानाच्या क्रमांकासह हाती लागतात. काम झालं की सूच्या पुसायच्या.

पानावर वर असलेल्या चित्राला ९ आणि खालच्याला ८ असा उलटा क्रम आहे.

चित्र मजकुरावर तरंगतं ठेवलं असेल तर वर्ड त्याचं कॅप्शन टेक्स्ट बॉक्समध्ये घालतं. हा बॉक्स पानावर कुठेही सरकवता येतो, पण तो बांधलेला असतो एका परिच्छेदाला. नांगराचं छोटं चिन्ह दिसतं तो परिच्छेद. बॉक्स वर ओढला तरी नांगर खालीच राहिलेला असू शकतो, आणि क्रम त्या नांगराच्या जागेवरून ठरतो.

प्रबंधासाठी माझा सल्ला एकच: चित्राचं ‘लेआउट ऑप्शन्स’ नेहमी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. चित्र एका परिच्छेदात, कॅप्शन लगेच पुढच्या परिच्छेदात. चित्राच्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा, म्हणजे चित्र एका पानावर आणि कॅप्शन पुढच्या पानावर असं होत नाही. मजकूर चित्राभोवती वळलेला मासिकात शोभतो. प्रबंधात त्याने कटकटच वाढते.

प्रकरणाप्रमाणे ३.१, ३.२ असे क्रमांक हवेत, पण ०.१ येतं.

प्रकरणाचं शीर्षक हाताने क्रमांक देऊन लिहिलंय, म्हणून. ‘प्रकरण ३’ हे तुमच्या-माझ्यासाठी तिसरं प्रकरण, पण वर्डला क्रमांक लागतो तो त्याच्या स्वतःच्या यादीतला.

होम टॅबमध्ये मल्टिलेव्हल लिस्ट उघडा, ‘डिफाइन न्यू मल्टिलेव्हल लिस्ट’मध्ये पहिली पातळी ‘हेडिंग १’ला जोडा आणि अंकाआधी ‘प्रकरण’ हा शब्द लिहा. शीर्षकांना ‘हेडिंग १’ लावा, हाताने लिहिलेलं ‘प्रकरण ३’ पुसा. मग इन्सर्ट कॅप्शन, नंबरिंग, ‘इन्क्लूड चॅप्टर नंबर’. खाली मधलं चिन्ह निवडता येतं. मूळ निवड आडव्या रेघेची असते, आपल्याकडे टिंब रूढ आहे. ‘प्रकरण’ हा शब्द कॅप्शनमध्ये येत नाही, फक्त अंक येतो. प्रत्येक प्रकरणात मोजणी आपोआप १ पासून होते, त्यासाठी वेगळं काही करायचं नाही.

‘नो टेक्स्ट ऑफ स्पेसिफाइड स्टाईल’ असा संदेश दिसला तर ‘हेडिंग १’ कुठेच लावलेलं नाही असं समजा.

प्रकरणं वेगवेगळ्या फायलींत ठेवत असाल तर त्याच मल्टिलेव्हल लिस्टच्या चौकटीत ‘स्टार्ट ॲट’ आहे, तिथे त्या फाईलचा प्रकरण क्रमांक द्या. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर) चढतात तेव्हाही प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ असते. अशा वेळी ‘आकृती ३.२’ हा क्रमांक सुट्या फाईलमध्येही आपली जागा सांगतो. म्हणून प्रबंधात सलग क्रमांकांपेक्षा प्रकरणनिहाय क्रमांकच मला योग्य वाटतात.

परिशिष्टातल्या आकृत्यांना ‘अ.१’ हवं असेल तर परिशिष्टांसाठी ‘हेडिंग ७’सारखी खालची पातळी वेगळी ठेवतात. मात्र नंबरिंगच्या चौकटीत केलेला बदल त्या लेबलच्या सगळ्याच कॅप्शनना लागू होतो. त्यामुळे परिशिष्टासाठी ‘परिशिष्ट आकृती’ असं वेगळं लेबल करणं सोपं.

अंक देवनागरीत हवेत. १, २, ३ कसे आणायचे?

इन्सर्ट कॅप्शनच्या ‘नंबरिंग’मध्ये ‘फॉरमॅट’ची यादी उघडा. तिथे देवनागरी अंक दिसत नसतील तर फाईल, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये मराठी किंवा हिंदी जोडा, वर्ड बंद करून पुन्हा उघडा. कोडमध्ये बदल करणाऱ्यांसाठी: शेवटी असलेल्या ‘अरेबिक’ या शब्दाऐवजी ‘हिंदीअरेबिक’ हा एकच शब्द रोमन अक्षरांत लिहायचा. प्रकरणाचा अंक शीर्षकाकडून येतो, म्हणून मल्टिलेव्हल लिस्टमध्येही देवनागरी अंक निवडा. नाहीतर एक अंक इंग्रजी आणि एक देवनागरी असं मिश्रण होतं.

‘आकृती’ हा शब्द मोठा आणि पुढचा अंक बारीक दिसतो.

वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ समजतं आणि तिचा फाँट, आकार, ठळकपणा रोमनपेक्षा वेगळा ठेवतं. वरच्या पट्टीवरून केलेला बदल कधी एकालाच लागतो. कॅप्शन स्टाईलवर राइट क्लिक करून मॉडिफाय, फॉरमॅट, फाँटमध्ये जा. तिथे ‘लॅटिन टेक्स्ट’ आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असे दोन भाग आहेत. दोन्ही भरा. स्टाईलमध्ये एकदा केलं की सगळ्या कॅप्शनना लागू होतं, एकेक निवडून रंगवत बसू नका.

फाईल श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये आहे. तिथे हे चालेल का?

चालतं, पण दुखणं कायम राहतं. या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये पडद्यावर ‘आकृती’ दिसलं तरी फाईलमध्ये साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. लेबलचं नावही तेच होतं. सूचीची स्टाईल दुसऱ्या फाँटची असली की तिथे अगम्य अक्षरं उमटतात. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच क्रमांकांना हात लावा.

मजकुरातले ‘आकृती ३ पाहा’ हे उल्लेख आपोआप बदलतील का?

क्रॉस-रेफरन्सने घातले असतील तर बदलतील. रेफरन्सेस, क्रॉस-रेफरन्स, लेबल निवडा, ‘ओन्ली लेबल अँड नंबर’. यादीत तुमची आकृती दिसली नाही तर तिचा क्रमांक टाइप केलेला आहे किंवा लेबल वेगळं आहे.

मराठीत एक गोष्ट जपावी लागते. आपण ‘आकृती ३मध्ये’, ‘आकृती ३वरून’ असं लिहितो. प्रत्यय करड्या छटेच्या बाहेर, फील्डच्या शेवटी कर्सर नेऊन टाइप करा. फील्डच्या आत टाइप झाला तर पुढच्या एफ९ला पुसला जातो, आणि ‘आकृती ३ दिसते त्याप्रमाणे’ अशी वाक्यं उरतात.

‘आकृत्या ३ व ४’ असं हवं असेल तर नुसता अंक लागतो, आणि कॅप्शनसाठी तशी सोय त्या यादीत नाही. कॅप्शनमधला अंक निवडून इन्सर्ट, बुकमार्कमधून त्याला नाव द्या, रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न ठेवता. मग क्रॉस-रेफरन्समध्ये ‘बुकमार्क’ आणि ‘बुकमार्क टेक्स्ट’ निवडा.

‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ असं का येतं?

उल्लेख ज्याच्याकडे बोट दाखवत होता ते कॅप्शन पुसलं गेलं, किंवा कुणी क्रमांक पुसून नव्याने टाइप केला. वर्ड कॅप्शनवर एक छुपा बुकमार्क ठेवतं, तो त्याबरोबर गेला. तो उल्लेख काढून नव्याने घाला, दुसरा इलाज नाही. हा मजकूर बऱ्याचदा छापतानाच उगवतो, कारण छापण्याआधी फील्ड ताजी होतात. कंट्रोल+एफ करून ‘एरर’ हा रोमन शब्द शोधा.

उल्लेखाच्या जागी चक्क पूर्ण चित्र आलं!

कॅप्शनच्या अगदी सुरुवातीला, ‘आकृती’ शब्दाच्या आधी कुणीतरी एंटर दाबून तिथे चित्र चिकटवलं. छुपा बुकमार्क ताणला गेला आणि चित्रही त्याच्या पोटात गेलं. चित्र कट करून बुकमार्कच्या बाहेर, वरच्या परिच्छेदाच्या शेवटी एंटर देऊन तिथे ठेवा, मग एफ९. तरी राहिलं तर कॅप्शन नव्याने घालून उल्लेख पुन्हा जोडा.

फाईल गूगल डॉक्समध्ये नेऊन परत आणली तर?

क्रमांक साधे अंक होऊन परत येण्याची तयारी ठेवा. परत आल्या आल्या ऑल्ट+एफ९ करून बघा. अभिप्रायासाठी तिथे प्रत द्या आणि दुरुस्त्या मूळ वर्ड फाईलमध्ये स्वतः करा.

लिबरऑफिस वापरतो, तिथे काय?

तत्त्व तेच. चित्रावर राइट क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’, लेबलला तिथे ‘कॅटेगरी’ म्हणतात आणि नावातल्या फरकाचा घोळ तिथेही तसाच होतो. टूल्स, अपडेट, ‘अपडेट ऑल’ने सगळं ताजं होतं.

पीडीएफ करायच्या आधी शेवटचं काय तपासू?

ट्रॅक चेंजेस सगळे मान्य करून बंद करा. कंट्रोल+ए, एफ९. मग पुन्हा एकदा कंट्रोल+ए, एफ९, कारण पहिल्या फेरीत सूची लांबली तर पानं सरकतात. ‘एरर’ शोधा. आकृत्यांची सूची उघडून क्रमांक सलग आहेत का, हे बोट ठेवून वाचा. पीडीएफ झाल्यावर तीही एकदा चाळा. कंट्रोल+शिफ्ट+एफ९ने सगळी फील्ड गोठवून टाकायचा मोह होतो, ते फक्त प्रतीवर करा. मूळ फाईलवर केलंत तर तोंडी परीक्षेनंतर परीक्षकांनी सुचवलेलं एक चित्र घालायला पुन्हा सगळे क्रमांक हाताने बदलावे लागतील.